उजवं बटण, डावा दिवा

मिस्त्रीजवळ माणसं फार बोलतात. गाडी उघडी पडलेली असते, मिस्त्रीचे हात कामात, तोंड खाली — आणि बाजूला उभा असलेला माणूस हळूहळू सुरू होतो. बायकोशी भांडण, भावाचा कपटीपणा, पोराचं लफडं. मोहाडीच्या रस्त्याला माझं दुकान टाकून अर्धं आयुष्य गेलं, या गावाचं मी काय काय ऐकलं नाही? आणि माझं? माझं कोणी ऐकलेलं नाही. घरी बायकोला, मंदाला नाही, देवाला हात जोडताना मनातल्या मनातही नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, तेही तोंडानं नाही. लिहून. समोर कोणी उभं असतं तर जमलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सुरुवात एका जुन्या मोटारसायकलच्या इंडिकेटरपासून करावी लागेल. हसू नका. मलाही आधी ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

आमच्या भागात इंडिकेटर म्हणजे गाडीचा दागिना. असला तर असला. वळायचं असलं की माणूस हात काढतो, मान वळवतो, नाहीतर सरळ वळतोच. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी निम्म्यांचे मागचे दिवे मेलेले असतात, आणि ते जिवंत करा म्हणून कोणी येत नाही. श्रावणभाऊ आला.

श्रावणभाऊ करडीकडचा. राइस मिलमध्ये पोती उचलता उचलता उजवा खांदा कामातून गेलेला. हँडल धरण्यापुरता हात पुढे जायचा, पण बाजूला काढून दाखवायचा म्हटलं तर वर उठत नव्हता. तो मला म्हणाला होता, "मिस्त्री, लोकायले लाइट नसला तं चालते. मले नाई चालत. माहा हातच उठत नाई, तं मांगच्याले कसं समजन का मी वळून राहिलो?" हे वाक्य मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला. कारण पुढे मी स्वतःची जी समजूत काढत राहिलो — आपल्याकडे कोण बघतो इंडिकेटर! — तिला या माणसानं आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं.

त्याची गाडी आधी माझ्या शेजारच्या दुकानात गेली होती. तिथला मिस्त्री नवा, वयानं लहान, दुकानाला काच लावलेली. त्याच्या हातून काम झालं नाही. मग श्रावणभाऊ गाडी ढकलत माझ्याकडे आला, आणि तो दिवस बाजाराचा. दुकानापुढं ही गर्दी! तो शेजारचा मिस्त्रीही चहाचा कप घेऊन बघायला येऊन उभा राहिला. आता सांगा, माझ्या अंगात वारं भरणार नाही तर काय?

बटण दाबलं की पुढचा दिवा नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचा नाही. मागचा तर मेलेलाच. दोन्ही बाजूंना तेच. मी बल्ब बघितले, चांगले. चेसिसला जिथं अर्थिंगची वायर जोडलेली असते तिथला गंज घासला, फरक नाही. दिवा लुकलुकवणारा फ्लॅशर बदलून बघितला, तोही चांगला. मग सीट काढली आणि मला हसूच फुटलं. सीटखाली उंदरानं घर केलं होतं. धानाचा कोंडा, चिंध्या, आणि कुरतडून तोडलेल्या वायरी. श्रावणभाऊची गाडी ओसरीत धानाच्या पोत्यांना टेकून उभी राहायची. उंदराला तेवढंच पाहिजे. मागं जाणाऱ्या दोन्ही वायरींची सालं गेली होती, रंग ओळखू येत नव्हता. मी ते घरटं चिमट्यानं उचलून शेजारच्या मिस्त्रीपुढं धरलं आणि म्हणालो, "घ्या, हा बिघाड. काचेच्या दुकानात नाई दिसत तो." लोक हसले. तोही हसला बिचारा.

दोन्ही वायरी नव्या टाकायच्या होत्या. माझ्याजवळ एकच गुंडाळी होती, काळी. एकाच रंगाच्या दोन वायरी टाकताना एकीला गाठ मारायची, म्हणजे डावी कुठली, उजवी कुठली हे चुकत नाही — हे मला माझ्या उस्तादानं पहिल्या महिन्यात शिकवलेलं. मी गाठ मारली नाही. मी त्या उंदराचा किस्सा सांगत होतो. लोक हसत होते, मी हात न बघता वायरी ओढत होतो, आणि दोन पिना खट् खट् बसवून टाकल्या.

मग तपासणी. मी सीटवर बसून बटण दाबत होतो, श्रावणभाऊ मागं उभा. मी विचारलं, "लागला का?" तो म्हणाला, "लागला." मी बटण दुसरीकडं सरकवलं. "आता?" "लागला ना मिस्त्री!" बस. कोणता लागला, ते मी विचारलं नाही. मी कोणतं बटण दाबलं, ते त्याला सांगितलं नाही. दिवे लुकलुकत होते, लोक माना डोलावत होते. एवढ्यावर कोण थांबणार नाही?

आतापर्यंतची चूक ही चूकच होती. चुका होतात, मिस्त्री काही देव नाही. इथंच संपलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

श्रावणभाऊ गाडीवर बसला आणि दुकानासमोरून उजवीकडं वळला. नव्या दिव्याच्या हौसेनं त्यानं बटण दाबलं होतं. मी हात पुसत उभा होतो. पुढं काय लागलं ते मला दिसत नव्हतं, पण मागं डावा दिवा लुकलुकत होता. गाडी उजवीकडं, दिवा डावीकडं. मला त्याच क्षणी कळलं. पिना उलट्या बसल्या होत्या.

हाक मारली असती तर तो थांबला असता. पन्नास पावलांवर होता. पण शेजारचा मिस्त्री अजून तिथंच उभा होता, हातात रिकामा कप घेऊन. आत्ताच त्याला चारचौघांत उंदराचं घरटं दाखवलं, आणि आता गिऱ्हाइकाला परत बोलावू? त्याच्यासमोर सीट काढू? — मी फडकं खांद्यावर टाकलं आणि दुसऱ्या गाडीकडं वळलो. त्यानं बघितलं नव्हतं. मीच बघितलं होतं. संध्याकाळी फोन करू, असं म्हणालो मनाशी.

संध्याकाळी केला नाही. का? काय सांगू. फोन हातात घेतला होता. मग वाटलं, उद्या येईलच, नाहीतर कुठंतरी दिसेल, तेव्हा गुपचूप करून देऊ. एका मिनिटाचं काम.

आणि तो आलाही. घरच्या बोडीतले, शेतातल्या तळ्यातले मासे घेऊन आला, खास माझ्यासाठी. गाडीवरून उतरला नाही, पिशवी माझ्या हातात दिली, आणि चहाच्या टपरीवरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असा मिस्त्री जिल्ह्यात नाई भेटनार." मी म्हणालो, थांब जरा, चहा घे. तो म्हणाला घाई आहे. मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. एवढं कौतुक चाललेलं असताना सीट काढ कसं म्हणायचं? त्या रात्री मंदानं ते मासे केले. मी दोनदा वाढून घेतले. ही गोष्ट लिहितानाही जिभेवर ती चव येते, आणि स्वतःचीच किळस वाटते.

त्यानंतर थंडी वाढली, धान विकायला नेणाऱ्या गाड्या रस्त्याला लागल्या. अशाच एका सकाळी मला राजूचा फोन आला.

राजू म्हणजे श्रावणभाऊचा भाचा, सरूबाईचा मुलगा. आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्या लोकांना नवल वाटतं, पण भाचा म्हणजे आमच्याकडं देवाच्या जागी. दिवाळीला श्रावणभाऊ त्या पोरसवदा राजूसमोर वाकायचा, आणि राजू लाजून मागं सरायचा — हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. राजू एकाची पिकअप चालवायचा. एकदा पोळ्याला दारू पिऊन चौकात पडला होता, तेवढं एक गालबोट. बाकी सरळ पोरगा.

फोनवर तो रडत होता. तो पिकअपमध्ये धानाची पोती घेऊन मामाच्या मागूनच येत होता. फाट्याजवळ मामाच्या गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला. मामा डावीकडं शेतात वळतोय, असं समजून राजूनं गाडी उजवीकडून पुढं काढली. आणि मामा उजवीकडं वळला. राजूनंच त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं, भंडाऱ्याला नेलं. तिथून तो मला सांगत होता, "मिस्त्री, मामाची गाडी तेवढी उचलून घ्या रस्त्यावरून. डावा देल्ला होता जी मामानं. मी पायलं, डावाच देल्ला होता."

मी म्हणालो, "हो, हो, जातो मी."

गाडी रस्त्याच्या कडेला आडवी पडली होती. पुढचं चाक वाकलेलं, मागचे दोन्ही दिवे शाबूत. लोक पांगले होते. आता लक्ष देऊन वाचा, कारण हेच ते आहे. मी गाडी हातगाडीवर चढवण्याआधी तिची सीट काढली. दोन काळ्या वायरी. ही पीन त्यात, ती पीन यात. सीट बसवली. जे एका मिनिटाचं काम इतके दिवस माझ्या हातून होत नव्हतं, ते तेव्हा झालं. मी गाडी नेऊन पोलीस ठाण्याच्या आवारात लावली.

नंतर गाडी तपासायला आरटीओचे साहेब आले. त्यांनी चावी फिरवली, उजवं बटण दाबलं. पुढं उजवा, मागं उजवा. डावं दाबलं, डावा. साहेबांनी मला विचारलं, काम तुम्हीच केलं होतं का? मी म्हणालो, "हो साहेब. बरोबर होतं. तुमच्यासमोरच आहे." राजू तिथंच उभा होता. तो त्या दिव्याकडं असा बघत राहिला, जणू दिवाच त्याच्याशी खोटं बोलला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. संशयानं नाही हो — मदतीसाठी. मिस्त्री काहीतरी सांगेल, या आशेनं. मी मागच्या दिव्यावरची धूळ पुसत राहिलो.

श्रावणभाऊचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर तो एकच सांगत होता, मी उजवा दिला होता. खरंच दिला होता. राजू सांगत होता, मागं डावा लागला होता. खरंच लागला होता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा खोटारडा वाटत होता. ते दोघं एकाच वेळी खरे कसे असू शकतात, हे अख्ख्या तालुक्यात फक्त मला ठाऊक होतं.

लोकांनी कोणावर विश्वास ठेवला असेल? पाय गेलेल्यावर. राजूची पोळ्याची दारू सगळ्यांना आठवली. मालकानं पिकअप काढून घेतली, लायसन गेलं, केस लागली. ते सगळं एखादा माणूस पचवतो. पण चौकात पोरं त्याला बघून ओरडायची, "अबे राजू, डावा का उजवा?" आणि दिवाळीला मामा पाया पडायला आला नाही. सरूबाई भावाच्या दारात जाऊन बसली, तर त्यानं तोंड फिरवलं. म्हणाला, "गाडी ठोकली त्याचं काई नाई, आपलाच पोरगा हाय. पन वरून मलेच खोटा पाडते? त्यानं एकदा म्हनावं का मी खोटं बोललो. मंग मीच येतो त्याच्या पायावर." राजू काही तसं म्हणेना. का म्हणेल? जे बघितलं ते बघितलं.

त्या माउलीनं ते मनाला लावून घेतलं. मग एका उन्हाळ्यात ती गेली. कशानं गेली, डॉक्टर सांगतील. मी त्यात माझा हिस्सा किती, हे मोजत बसत नाही, कारण मोजलं की माणूस कमीच मोजतो.

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ आणतो. त्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. दुपार कलायला लागली, ऊन मी म्हणत होतं, बाया रडून रडून थकल्या, आणि श्रावणभाऊचा पत्ता नाही. राजू दारात उभा राहून रस्त्याकडं बघत होता. कोणीतरी म्हणालं, मिस्त्रीची गाडी आहे, मिस्त्री तुम्ही जा, तुमचं ऐकतो तो. मी गेलो.

श्रावणभाऊ ओसरीत खाटेवर बसला होता. डोळे लाल. ओसरीत आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, "माही बहीन गेली मिस्त्री, मले का समजत नाई? पन मी कोन्या तोंडानं जाऊ? त्याले म्हना, एक शब्द बोल. खोटं बोललो म्हन. मी आत्ता उठतो." त्याची कुबडी भिंतीला टेकून होती. ती उचलून मी त्याच्या हातात द्यायची, आणि म्हणायचं — भाऊ, तुझाही शब्द खरा, त्याचाही खरा, खोटा मी. इतकंच. सात-आठ शब्द. पिना बदलण्याहूनही सोपं. अशी वेळ देव पुन्हा देत नाही.

मी म्हणालो, "बघतो बोलून त्याच्याशी." आणि उठलो.

वाटेत कापडाच्या दुकानात थांबलो. हिरवं लुगडं घेतलं. सरूबाईच्या दारात येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मामाची तब्येत बरी नाही, कुबडीवर चालवत नाही, पण लुगडं पाठवलंय. राजूनं ते छातीशी धरलं आणि खाली बसला. "मामानं धाडलं," एवढंच म्हणत राहिला. तिरडी उचलली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, ही पण कबुली देऊन टाकतो. वाटलं, फेडलं थोडं.

तेरवीचं बोलावणं द्यायला राजू स्वतः मामाकडं गेला. मामाच्या गळ्यात पडायलाच गेला होता तो. श्रावणभाऊ म्हणाला, "मी कोनतंच लुगडं धाडलं नाई." झालं. जे थोडं सांधण्यासारखं होतं तेही गेलं. राजू तिथून सरळ माझ्या दुकानात आला. मला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. तो वाकला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "मिस्त्री, तुमी होते म्हनून माह्या मायची लाज राहिली." ज्या पोराच्या पाया सख्खा मामा पडायचा, तो माझ्या पाया पडत होता, आणि मी त्याला उठवून पाठीवर हात फिरवत होतो. गावातही बोलबाला झाला, मिस्त्रीसारखा दिलदार माणूस नाही. पुन्हा कौतुक. माझ्या नशिबाला कौतुकच लागलेलं आहे.

तेरवी झाली आणि राजू तेलंगणात कामाला गेला. घराला कुलूप आहे. तो परत येत नाही, फोन करत नाही, दिवाळीलाही नाही.

आणि श्रावणभाऊ? तो माझ्या दुकानात असतो. एका पायानं दुसरं काम होत नाही, घरी जीव रमत नाही, म्हणून मीच त्याला म्हणालो, येऊन बसत जा. दाराजवळ त्याची खुर्ची ठरलेली आहे. मी दिवे तपासतो तेव्हा तो मागून ओरडून सांगतो, "उजवा लागला... आता डावा," आणि गिऱ्हाइकाला बजावतो, लाइटचं काम याच मिस्त्रीकडून करून घेत जा. नवा माणूस आला की त्याचं लक्ष पायाकडं जातं. मग श्रावणभाऊ सांगतो, भाच्यानं गाडी घातली अंगावर, आणि वरून खोटं बोलला, की मामानं डावा दिला होता. "विचारा या मिस्त्रीले," तो म्हणतो, "यानंच लावला होता लाइट, साहेबापुढं तपासला होता." माणूस माझ्याकडं बघतो. मी मान हलवतो. कालही हलवली.

राजू खोटं बोलला नव्हता. मामानं उजवं बटण दाबलं होतं आणि मागं डावा दिवा लागला होता. वायर मी जोडली होती, ते मी बघितलं होतं, आणि मी हाक मारली नाही.